मिसेस हॉगनचा होकार

मिसेस हॉगन आमच्या गावच्या शाळेसमोरच्या चौकात मुलांना रस्ता ओलांडून द्यायच्या. हातात लाल पाटी, पायात नवऱ्याचे जुने बूट. दोन्हीकडे बघून त्या "हो!" म्हणाल्या, की मगच मुलांनी पाय उचलायचा. पहिलीतली माझी टॅमसिन पावसात कुडकुडत उभी राहायची, पण मी पलीकडून बोलावलं तरी हलायची नाही. "तू नाही, मिसेस हॉगन सांगतील," म्हणायची. माझ्या घाबरट जिवाला तेवढाच आधार होता.

पुढे टॅमसिन गावच्या नगरपरिषदेवर निवडून आली. गंजलेले नळ बदलायच्या बाजूने तिने मत दिलं, पाणीपट्टी वाढली, आणि किराणा दुकानाच्या दारात तिला मुदतीआधीच घरी पाठवण्यासाठी सह्या गोळा होऊ लागल्या. पुरेशा जमल्याही. घरोघरी टपालाने मतपत्रिका आल्या.

त्याच आठवड्यात मिसेस हॉगन ब्लॅकबेरीचा केक घेऊन आल्या.

"पोरी, टाकून आले बघ पेटीत! तुझ्या नावाखाली ठसठशीत 'हो'!"

केक कापता कापता माझा हात थांबला. पत्रिकेवर प्रश्न होता, टॅमसिनला पदावरून काढावं का? मोतीबिंदूच्या डोळ्यांनी त्यांनी नाव तेवढं वाचलं होतं.

"अहो, पण तिथे..." मी सुरुवात केली, तोच टेबलाखालून टॅमसिनने माझा पाय दाबला.

"थँक्यू, मिसेस हॉगन. तुम्ही 'हो' म्हटलंत, आता मला कसली भीती!"

"भीती कसली? सह्यावाले माझ्याही दारात आले होते. म्हटलं, ते गंजकं पाणी तुम्हीच प्या, आणि जाताना फाटक लावून घ्या."

त्या गेल्यावर मी चिडले. "सांगायचंस ना त्यांना!"

"पेटीतलं मत काय परत येणार आहे? उगाच त्यांची झोप उडेल."

"आणि माझी उडाली ती?"

"तुला कधी लागली होती, आई?"

टॅमसिन थोडक्या मतांनी हरली.

कार्यालयाची किल्ली परत द्यायला गेली तेव्हा मीही सोबत होते. नगरपरिषदेबाहेर मिसेस हॉगन उभ्या होत्या. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण बूट तेच.

"एवढे लोक 'नाही' म्हणाले?" त्यांनी माझा हात धरला. "मी तर 'हो' म्हटलं होतं गं."

या वेळी टॅमसिनला माझा पाय दाबावा लागला नाही.

"ठाऊक आहे मला," मी म्हणाले. "तुम्ही तिला कधी एकटं सोडलंय का?"

त्यांनी नाक पुसलं. मग फुटपाथच्या कडेला जाऊन पाटी धरल्यासारखा हात वर केला. येणारी गाडी थांबली. त्यांनी दोन्हीकडे पाहिलं, अगदी सावकाश.

"हो," त्या म्हणाल्या. "चल आता."

तोवर टॅमसिन कार्यालयातला आपला चहाचा मग आणि कुंडी हातात घेऊन कडेला थांबली होती. मग ती खाली उतरली.