अप्पांचा राइट

"अप्पा, चहा घेणार?"

"राइट."

मी कप पुढे केला. अप्पांनी तोंड फिरवलं.

"चहा नको त्यांना," त्यांच्या पत्नी सुमनक्का म्हणाल्या. "डोळ्यावर ऊन यायलंय. पडदा ओढा म्हणायलेत."

पडदा ओढला. "राइट," अप्पा समाधानानं म्हणाले.

मी धारवाडात स्पीच थेरपिस्ट आहे. अप्पा जन्मभर बस कंडक्टर. स्ट्रोक आला, त्यात उजवा हात गेला आणि भाषाही. याला आम्ही अफेजिया म्हणतो. माणसाला समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. कधीकधी एखादाच शब्द मागे उरतो आणि काहीही सांगायचं असलं की तोच बाहेर पडतो. अप्पांकडे उरला तो ड्रायव्हरला गाडी सोडायला सांगायचा 'राइट'. भूक, राग, पाठीची खाज, नातीचं कौतुक, सगळं त्यातच. फक्त सूर बदलायचा.

अक्कांना तेवढ्यात भागवता येत होतं. पण एकदा त्या म्हणाल्या, "मला हाक मारतील का हो परत? 'अगं' म्हणाले तरी पुरे."

आम्ही 'अगं'वर खूप डोकं आपटलं. येईना. आमचे सर म्हणाले, "मॅडम, प्रोग्रेस थांबलाय. हा आठवडा शेवटचा. स्लॉटसाठी लोक थांबलेत."

अक्कांना सांगताना मला जड गेलं. सहज विचारलं, "नावानं नाही का हाक मारायचे?"

"आमच्यात नाव घेत नाहीत की. लग्नात घेतलं तेवढंच, उखाण्यात."

मी ताडकन उठले. पाठ असलेल्या, तालातल्या गोष्टी मेंदूत वेगळ्या वाटेनं येतात. बोलता न येणारा माणूस आरती म्हणतो, तो असा. "उखाणा आठवतो?"

अक्का लाजल्या. आधी दार लावून घ्यायला लावलं. मी अप्पांचा डावा हात टेबलावर तालात आपटत राहिले, अक्का म्हणू लागल्या:

"अळणावरच्या रानात रमेना माझं मन,
धारवाडहून आणली सोबतीला..."

"राइट."

अप्पांनीच चिडून हात झटकला. पुन्हा म्हटलं. पुन्हा राइट. अक्कांचा आवाज बसत चालला, पण त्या थांबेनात.

"...सोबतीला..."

"सुमन."

अक्का पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळल्या. "परत म्हणा की," त्या तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या.

"राइट," अप्पा म्हणाले.

"एक शब्द, तोही आधार दिल्यावर," सर म्हणाले. थेरपी बंद झाली. नियमानं ते बरोबरच होते.

मध्यंतरी अक्कांना फोन केला. रोज दिवा लावला की त्या उखाणा म्हणतात आणि शेवटच्या शब्दापाशी थांबतात. कधी नाव येतं, कधी राइट.

"नाही आलं की?"

"थांबते की. कुठं जाऊ?"

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला आमचा उखाणा विचारला. त्याला आठवेना. समोर बसवून पाठ करून घेतला. तोंड चालतंय तोवर ही कामं उरकून घ्यावीत.