माझ्या मापाची कडी

"ऊठ गं. अंग बाहेर आलेली म्हैस बाजारात फुकट बी कुणी घेत न्हाई."

पाटलीण म्हणाली आन ओसरीवरच्या बाया हसल्या. मी अंगणात उकिडवी. घागर कलंडलेली. चालता चालता माझं अंग, पोटातली पिशवी, खाली उतरलं होतं. लुगड्याचा बोळा करून मी ते आत दाबत होते. भर दुपारी, सगळ्यांदेखत.

मी बी हसले. हसले न्हाई तर काय करणार?

आमी धनगर. तलवाड्याच्या पाटलाच्या पडीक रानात आमची मेंढरं चरायची, म्हणून त्यांच्या घरचं पाणी मी वाहायचं, धुणं मी धुवायचं. निजामाचं राज्य हैदराबादेत. आमच्यापुरता निजाम पाटीलच.

एके साली पाटलीण आन मी संगंच बाळंत झालो. ती अंधाऱ्या खोलीत निजून. शेक, डिंक, खोबरं. मला पाचवी सरली की निरोप आला, "पाणी कोण भरणार?" ओली बाळंतीण मी, डोईवर घागर घेऊन गेले. तवापासून अंग खाली यायला लागलं. खोकलं की बाहेर. लघवीला बसावं तर लघवी अडायची. नवऱ्याला सांगायची बी चोरी.

गंमत अशी की पाटलिणीचं बी तेच झालतं. तिची लुगडी मी धुवायची, मला कळलं. पण पाटलानं छकड्याला बैल जुंपले, गादी टाकली, आन तिला गोदावरीपल्याड मडम डाक्टरणीच्या दवाखान्यात नेलं. आली ती ताठ चालत. उंबरा ओलांडताना लुगडं सावरलं न्हाई. जात्यावर बसून ओवी म्हणाली.

तिच्या आत रबराची कडी बसवली होती. काळी, कडक, गुळगुळीत. ती अंग वर तोलून धरायची. अधनंमधनं पाटलीण ती काढून पितळी वाटीत माझ्या हातात द्यायची. "कोमट पाण्यानं, साबण लावून. उकळत्या पाण्यात घालू नको. सावलीत पूस."

मी धुवायची. माझ्या मांड्यांत फाटक्या लुगड्याचा बोळा, आन हातात तिची कडी.

तिच्या पाटल्यांवर माझा डोळा कधी गेला न्हाई. गोठांवर न्हाई, पैठणीवर न्हाई. त्या कडीवर गेला. धुताना बोटं आत घालून फिरवायची मी. वाटायचं, घेऊन पळावं. वाटायचं, दगडावर आपटून फोडावी, म्हणजे ही बी माझ्यासारखी फेंगडी चालंल. ती ओसरीवरनं भरभर गेली की मी तिच्या पायांकडं बघत ऱ्हायची. ती खोकायची तवा मी कान देऊन ऐकायची. खोकून बी हिचं काही होत न्हाई.

म्हैस ती मला म्हणाली, ती ही कडी आत घालून.

पुढं ती कडी खरबरीत झाली, तिला टोचायला लागली. पाटील परत घेऊन गेला, नवी बसवून आणली. त्या दिवशी ओसरीवर बाया होत्याच. पाटलिणीनं जुनी कडी अंगणात माझ्या पुढ्यात टाकली.

"घे. आमचं उष्टं खाती, मग हे बी चालंल."

माझा हात गेला. खोटं कशाला सांगू, गेला. कडीला लागला बी. मग मी तो मागं घेतला.

"न्हाई घेत, बाईसाहेब."

"कावून? धुताना डोळा तर तिच्यावरच असतुय तुझा."

तिला ठाव होतं. माझा हेवा तिला दिसत होता, आन तिला त्यात गोडी वाटत होती.

"हाय माझा डोळा," मी म्हणाले. "पण तुमाला टोचती ती मला कावून? तुमाला बसवताना डाक्टरणीनं घालून घालून बघितल्या, तुमीच सांगितलं. मला बी तशाच बघू द्या."

मी कडी तिथंच सोडली आन निघाले.

दुसऱ्या सकाळी थोरली जाऊ आन मी नाव धरून नदी ओलांडली. तिथनं पायी. डाक्टरणीसंगं एक मराठी बोलणारी नर्स होती. पहिली कडी घातली, म्हणाली, "खोक." मी खोकले, कडी बाहेर. दुसरी मोठी. चाललं की आत रुतायची, लघवी होईना. तिसरी घातली. खोकले, बसले, उठले, अंगणात फिरून आले. आत हाय का न्हाई तेच कळंना.

"ही तुझी," नर्स म्हणाली. "काढायची, धुवायची, परत घालायची. दुखलं, वास आला, रक्त दिसलं तर तडक यायचं. घालून इसरायची न्हाई. आन दुसरीची कधी घालायची न्हाई." मग तिनं इचारलं, "इतके दिवस कावून आली न्हाईस? हितं कुणालाबी बघत्यात."

कुणालाबी.

पाटलिणीला हे ठाव होतं. तिची कडी माझ्या हातात देताना ठाव होतं. एक शब्द बोलली असती. न्हाई बोलली. तिला ताठ चालायचं होतं, आन मी वाकलेली पाहिजे होते.

घरी आले तर पाटलाचा गडी दारात. "बाईसाहेबांनी बोलावलंय. पाणी भरायचंय."

"सांग, येत न्हाई."

नवरा घाबरला. "मेंढरं कुठं चारायची मग?"

"उमापूरच्या अंगाला. काटवनात. कुठंबी."

आमी गेलो. त्या उन्हाळ्यात चाऱ्यावाचून मेंढरं मेली. लई हाल झाले. पाटलिणीचा हेवा अजून माझ्या पोटात हाय. बाळंतपणात ती निजली होती आन मी चालत होते, ते इसरत न्हाई. इसरायचं बी न्हाई मला.

आता माझी सून पोटुशी हाय. ती बाळंत झाली की निजून ऱ्हाईल. पाटलाचा निरोप येऊ दे, तहसीलदाराचा येऊ दे, निजामाचा सवार घोड्यावर येऊ दे. दारात मी आडवी असंन.