कपाटावरची झेंडूची माळ

आमच्या हॉटेलातलं काचेचं कपाट पुण्याहून मोटारीच्या टपावरून, गोधड्यांत गुंडाळून आलं होतं. हॉटेल भोरला मोटारतळाजवळ. शेतकरी यायचे ते चहा घ्यायचे, कचेरीतले कारकून कॉफी मागायचे. कॉफीबरोबर केक ठेवला की कारकून जास्त बसतात, असं आमच्या यांनी पुण्यात पाहिलं होतं. म्हणून हे कपाट.

केक बेकरीवाले चाचा आणून द्यायचे. त्यांची भट्टी गावातच होती. आमच्याकडे ठेवले म्हणून आणखी दोघा हॉटेलवाल्यांनी त्यांचा माल घ्यायला सुरुवात केली होती.

कपाट लावायचं काम माझं. गिऱ्हाईक यायच्या आत मी ते लावून ठेवायची. काच कागदाने पुसायची. मुंग्या चढू नयेत म्हणून कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाडग्यांत ठेवले होते. ते पाणी रोज बदलायचं, वर घासलेटचा थेंब टाकायचा. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवायचं. पावसाळ्यात केक सादळायचे, तेव्हा खालच्या फळीवर कळीच्या चुन्याची पुरचुंडी ठेवायची. कालचे केक वेगळ्या ताटलीत. केक थोडे असले तर ते काचेला लावून जरा तिरपे ठेवायचे, म्हणजे वरचा तांबूस भाग दिसतो आणि कपाट रिकामं वाटत नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्या कामात माझा जीव रमायचा.

हॉटेल उघडलं की मी पडद्यामागे, चुलीपाशी. पडदा खाली आखूड होता. कोण आलं ते मी पायांवरून ओळखायची. बाहेरच्या पुरुषांसमोर मी कधी एक शब्द बोलले नव्हते.

त्या वर्षी खंडेनवमीला किटलीची, चुलीची आणि कपाटाची पूजा केली. मी झेंडूची चांगली लांब माळ ओवली. कपाटावर कमान करावी असं मनात आलं, म्हणून माळेचं एक टोक कपाटाला बांधलं आणि दुसरं भिंतीतल्या खिळ्याला. लांबून बघितलं. मला फार छान वाटलं.

दसऱ्याच्या सकाळी पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं, "मालक, कपाट अगदी नवरदेवावानी नटवलंय की!"

हे म्हणाले, "घरच्यांनी केलंय."

पडद्यामागे मी उगीचच पदर सारखा केला.

थोड्या वेळाने एका कारकुनाने केकचा तुकडा तोंडात टाकला आणि थुंकला. "मालक, हे मुंग्यांचं सारण नवीन काढलंत का?"

हिर्डोशीचे एक म्हातारबाबा मोटारीची वाट बघत बसले होते. ते म्हणाले, "गिळा रावसाहेब. मुंग्या पोटात गेल्या की पवायला येतंय."

सगळे हसले. यांनी कपाट उघडलं. सणासाठी जादा घेतलेले केक, आणि सगळ्यांना लाल मुंग्या लागलेल्या. नेमके त्याच वेळी चाचा डोक्यावर नवा माल घेऊन आले. नेहमीसारखे कपाटाच्या मागल्या बाजूला जाऊन त्यांनी ट्रे खाली ठेवला.

"चाचा, ह्यो असला माल देता व्हय सणासुदीला?" हे ओरडले. "तुमच्या भट्टीतनंच मुंग्या भरून येतायत!"

"भट्टीतनं मुंगी कशी जित्ती यील, मालक?" चाचा हळूच म्हणाले.

बाकावरून कुणीतरी म्हणालं, "म्या तर आदीच सांगत हुतो, त्यांच्या हातचं नगं म्हणून."

त्यावर कुणी हसलं नाही. मोटारतळावर झालेलं बोलणं दुपारपर्यंत बाजारात जातं. आमच्याकडून माल परत गेला असता तर बाकीच्या दोघांनीही घेतला नसता, आणि चाचांची भट्टी बसली असती.

माझ्या जागेवरून पडद्याच्या फटीतून कपाटाची मागची बाजू दिसायची. खिडकीतून भिंतीवर, भिंतीवरून खिळ्यावर, खिळ्यावरून माझ्या झेंडूवर मुंग्यांची ओळ चालली होती. पायांखाली वाडग्यांतलं पाणी स्वच्छ होतं, आणि मी वरून त्यांना वाट करून दिली होती.

मी बांगड्या वाजवल्या. हे "थांब" म्हणाले. मी पातेल्यावर झाकण आपटलं. यांनी लक्ष दिलं नाही. तोवर चाचांना बरंच ऐकून घ्यावं लागलं. मी लाजत होते हे खरं. पण सगळं लाजेवर ढकलणं बरोबर नाही. सकाळचं कौतुकही मला सोडवत नव्हतं.

मग पडद्याखालून दिसलं, चाचांचे पाय दाराकडे वळले होते. मी डोक्यावरून पदर घेतला आणि बाहेर आले.

"मुंग्या माझ्या माळेवरनं आल्यात," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं.

म्हातारबाबांनी मान वर करून भिंत बघितली. "घ्या! मालक, मुंग्यांचा पूल तुमच्याच घरातनं बांदलाय की!"

सगळं हॉटेल हसलं. यांचा चेहरा मला बघवेना. मी माळ ओढायला हात वर केला.

"भाबी, तोडू नका," चाचा म्हणाले. "पूजेची हाय. त्या खिळ्यावरनं नुस्ती सोडवा."

त्यांचं बोट थेट खिळ्याकडे गेलं. शोधावं लागलं नाही. ट्रे ठेवतानाच त्यांनी ती ओळ पाहिली असणार. पूजेच्या माळेचं नाव आपल्या तोंडून कसं घ्यायचं, म्हणून गप्प राहून ते शिव्या खात उभे होते. आणि मी आत बसून झाकण आपटत होते.

चाचांचा माल चालू राहिला. घरी हे एकदाच म्हणाले, "बाहेर यायचं काय कारण हुतं?" त्या दिवसापासून कपाट हे स्वतः लावू लागले. केक मागे, पुढे मोकळी फळी, कालचे आजच्यात मिसळलेले. फटीतून ते बघून मला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतं याचीच शरम वाटायची. चार माणसांत यांचं हसं झालं, चाचांना नको ते ऐकावं लागलं, आणि मी रडत होते कपाटासाठी.

पुढच्या खंडेनवमीला मी माळ केली नाही. चाचा केक घेऊन आले ते कपाटासमोर उभे राहिले.

"मालक, कपाट भुंडं दिसतंय. भाबींनी माळ न्हाई केली?"

हे उठून बाहेर गेले. थोड्या वेळाने पडद्याखालून फुलांची पाटी आत सरकली, आणि तिच्यामागून केकची ताटली. "लाव," एवढंच ऐकू आलं.

मी केक काचेला तिरपे लावले, आखूड माळ ओवली आणि नुसती काचेपुरती बांधली. चाचांनी कपाट आणि भिंत यांच्यामध्ये पंजा घालून बघितला. माळ कुठे टेकत नव्हती. ते हसले आणि यांच्याकडे बघून म्हणाले, "आता बरं झालं."

हेही हसले. मी वाकून वाडग्यांतलं पाणी बदलत राहिले. ते सकाळीच बदललेलं होतं.