आकाराम मास्तरांच्या गोष्टीतली आई

आकाराम मास्तर चिडले म्हणजे डोक्यावरची टोपी काढून मांडीवर आपटत. त्या उन्हाळ्यात, एकाहत्तर-बाहत्तर सालची गोष्ट असेल, कोल्हापुरातल्या चर्चमागच्या खोलीत ती टोपी अशी आपटली, की नवे पाळक बोलायचे थांबले.

पाळक सयाजीराव नुकतेच पुण्याहून धर्मशिक्षण घेऊन आलेले. पोरसवदा माणूस, पण बोलणं सावकाश. ते सांगत होते, की बायबलात येशूची कथा सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांच्या मजकुरात लिहिणाऱ्याचं नाव कुठंच नाही. मत्तय, मार्क, लूक, योहान ही नावं मागाहून जोडली असं बरेच पंडित म्हणतात, काहींना ते पटत नाही, वाद अजून चालूच आहे. पण कागदावर उतरण्याआधी कितीतरी वर्षं लोक त्या गोष्टी तोंडीच सांगत होते, आणि सांगणारा समोरची माणसं बघूनच सांगत असणार.

"पदरचं घालत हुते म्हणा की सरळ!" मास्तर कडाडले. "म्हंजे आमी जन्मभर थापा सांगत हिंडलो व्हय?"

"थापा कुठं म्हणतोय मी, मास्तर?"

"मग दुसरं काय म्हणताय?"

मास्तर उगाच भडकले नव्हते हो. मिशनचे उपदेशक म्हणून शिरोलीपासून पार चंदगडच्या डोंगरापर्यंत, कधी सायकलवर, कधी एसटीनं, या गोष्टी सांगण्यात त्यांचं अख्खं आयुष्य गेलं होतं. त्यातही लूकमधली उधळ्या मुलाची गोष्ट सांगावी तर त्यांनीच. पोरगा वाटणी मागून घर सोडतो, सगळं उडवतो, उपाशी मरायची वेळ आल्यावर परत फिरतो. बाप धावत जाऊन गळ्यात पडतो, आणि उंबऱ्यात उभी राहिलेली आई त्याच्या तोंडावरनं हात फिरवते. तिथं आल्यावर बाया हमखास डोळ्याला पदर लावायच्या.

दुसऱ्या दिवशी दोघं शिरोलीला चिमणाबाईकडं गेले. म्हातारी अंथरुणाला खिळलेली. तिचा मुलगा केरबा बापाशी भांडून गेला तो गेलाच. बाप वाट बघून मेला, हिची वाट अजून संपली नव्हती.

"पाळकसायब," ती म्हणाली, "मास्तर तोंडानं सांगत्यात. आज मला पुस्तकातनं ऐकायची हाय. त्या आईची गोष्ट वाचा."

सयाजीराव वाचू लागले. बाप धावला, झगा आला, अंगठी आली, मेजवानी झाली, थोरला भाऊ रुसला. गोष्ट संपली.

"आई ऱ्हायली की," चिमणाबाई म्हणाली.

मास्तरांना एकदम उमगलं. आई पुस्तकात नव्हतीच! त्यांनीच ती कधीतरी घातली होती, आणि सांगून सांगून ते साफ विसरले होते. ह्या म्हातारीनं मात्र तिच्याच आधारावर एवढी वर्षं काढली होती.

"पान सुटलं वाटतं," पाळक हळूच म्हणाले आणि पान उलटू लागले.

मास्तरांनी त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या सायब. चिमणाबाई, पुस्तकात आई न्हाय. मी घातली. चुकलं माझं."



"तुमी कुठं घातली?" चिमणाबाई म्हणाली. "केरबा गेला त्या साली मीच इचारलं न्हवं, त्या घरात आई न्हवती का म्हणून? तुमी म्हणला, असंल की. आता सांगा पुन्यांदा."

मास्तर सांगू लागले. पोरगा निघाला, बाप धावला. उंबऱ्यापाशी येताच मात्र त्यांची जीभ रेटेना. पुस्तकातल्यासारखं पुढं जाववेना, नि पहिल्यासारखं सांगवेना.

मग अंथरुणातनं चिमणाबाईच बोलली. "आई म्हणाली, आलास व्हय रं केरबा? किती वाळलायस. पाय धू आधी, वाढती तुला."

पाळकांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"मग?" मास्तरांनी विचारलं.

"मग काय? जेवला की त्यो," चिमणाबाई म्हणाली.