निम्मा तुम्हाला, निम्मा मला

माझे काका बेकरीवाले. क्रीम जमलं की नाही, हे ते बोट बुडवून ठरवतात. एका बोटावर विश्वास बसत नाही, म्हणून दुसरंही बुडवतात. एवढ्या वर्षांच्या तपासणीनंतर सोनोग्राफीत यकृतावर चरबी निघाली. काकांवर देखरेख करणाऱ्या काकूच्याही निघाली.

काकूने तिथेच फर्मान काढलं, "तुमचा रिपोर्ट सुधारला नाही, तर बेकरीची किल्ली माझ्या भावाकडे."

काकांचा चेहरा फसलेल्या केकसारखा बसला. मेहुणा पावात मीठ घालायला विसरतो, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

माझ्या प्रयोगशाळेत तेव्हा एका पारंपरिक चिनी काढ्याची चाचणी सुरू होती. दोघांनी नावं दिली. मी उत्साहाने समजावलं, "यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं. ती आतड्यात जाऊन चरबी पचवायला मदत करतात आणि बरीचशी यकृतात परत येतात. फॅटी लिव्हरमध्ये ही ये-जा बिघडते. काढ्याने ती सुधारते का, ते आम्ही रक्तात बघणार."

"म्हणजे पावाचे ट्रे," काका म्हणाले. "दुकानात जातात, भट्टीवर परत येतात. मग माझे अडकले कुठे?"

"क्रीममध्ये," काकू म्हणाली.

चाचणीत निम्म्या लोकांना खऱ्या काढ्याच्या पुड्या होत्या. उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या, तितक्याच कडू, पण औषध नसलेल्या. कुणाला काय मिळालं, हे आम्हालाही माहीत नव्हतं.

शेवटच्या भेटीत चाचणीच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "काढा नियमित घेतलात ना?"

"घेतला की!" काकू म्हणाली. "दोघांच्या पुड्या एकाच किटलीत उकळायच्या. निम्मा त्यांना, निम्मा मला."

"एकत्र?"

"मग? एकाच घरात एकाला औषध आणि एकाला नुसतं कडू पाणी? लग्न कशाला केलंय?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. दोघांचेही आकडे चाचणीतून बाद झाले.

काका खुर्चीतून हलेनात. "आकडे गेले खड्ड्यात. माझ्या किल्लीचं काय?"

बाईंनी नव्या सोनोग्राफीचा रिपोर्ट काढला. चरबी थोडी उतरली होती, दोघांचीही.

"काढ्याने?" मी आशेने विचारलं.

"ते कळायची सोय तुझ्या काकूने ठेवलेली नाही."

काका हळूच म्हणाले, "त्या काढ्याने दिवसभर तोंड इतकं कडू असायचं, की क्रीमला बोट लावावंसंच वाटेना. चाखायचं काम मेहुण्याला दिलं."

किल्ली काकांकडेच राहिली. मेहुणा मात्र परवा पोट सावरत माझ्याकडे आला. "तुमच्या त्या काढ्यात माझ्यासाठी जागा आहे का रे? बायकोही येते म्हणतेय."

"या," मी म्हटलं, "पण एकटेच."