पिकार्डीच्या शर्यतीचा वक्ता

"काऊन नाही?"

हे दोन शब्द बोलण्याआधी ते हातातला कोपीचा, म्हणजे इथल्या दाट कॉफीचा, कप खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि हनुवटी बोटभर वर उचलायचे. 'का'ऐवजी नागपूरकडचं ते 'काऊन' आमच्या पुण्या-मुंबईच्या घोळक्यात पडलं की चार माणसं हमखास हसायची. त्यांना त्याचं काही वाटत नसे. हसणं संपेपर्यंत ते थांबायचे आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचे. पालुपद म्हणून सोडून द्यावं असं ते नव्हतंच. त्यांना खरोखर उत्तर हवं असायचं.

आम्ही त्यांना तुआसवाले म्हणायचो. राहायला सिंगापुरात, बेडोकला, माझ्या शेजारच्या ब्लॉकमध्ये. नोकरी बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला तुआसला, जहाजांचे पंप दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात, इंजिनिअरची. रोज एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि संध्याकाळी उलट. एवढ्या प्रवासात माणूस झोपतो, नाहीतर मोबाइलवर रंगीत गोळ्या फोडतो. हे फ्रेंच पुस्तकं वाचायचे. विषय एकच. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात उत्तर फ्रान्सच्या पिकार्डी भागात व्हायची ती मोटारींची शर्यत.

याचा आणि आपला काय संबंध, असं तुमच्या मनात आलंच असेल. थोडं थांबा. हा प्रश्न त्यांच्या तोंडावर विचारला तेव्हा काय झालं, तेच तर सांगायचं आहे.

मोटारींचं एवढं वेड असलेल्या या माणसाकडे मोटार नव्हती. तशी सिंगापुरात ती कोणाकडे असते म्हणा! गाडीच्या परवान्याच्या पैशांत आपल्याकडे फ्लॅट येतो. पण यांना हौसही नव्हती. सप्टेंबरात इथली मोटारींची रात्रीची शर्यत आली, की माझ्या ऑफिसात, म्हणजे चांगी बिझनेस पार्कातल्या बँकेत, पासांसाठी नुसती मारामारी. एका वर्षी यांना आयता पास मिळाला, तर त्यांनी तो मुलीला देऊन टाकला.

"जात का नाही तुम्ही?" मी विचारलं.

"ताई, फार उजेड असतो तिथे," ते म्हणाले. "आणि कोंबड्या नसतात."

कोंबड्यांचं प्रकरण मला पुढे कळलं. कारखान्याने त्यांना एकदा नव्या पंपांच्या प्रशिक्षणासाठी फ्रान्सला पाठवलं होतं. रविवारी सगळं बंद. भटकत भटकत ते एका लहानशा गावातल्या बेकरीत शिरले. भिंतीवर एक जुना फोटो. त्यात हीच बेकरी, हाच रस्ता आणि रस्त्यावरून धूळ उडवत चाललेली एक उघडी, अरुंद मोटार. कडेला दोरी धरून उभी असलेली टोप्यांतली माणसं, आणि दोरीच्या या बाजूला एक कोंबडी. यांनी बेकरीवालीला खुणेने विचारलं, हे काय? ती बराच वेळ बोलली. यांना एक अक्षर कळलं नाही. परत आल्यावर त्यांनी संध्याकाळच्या फ्रेंच वर्गात नाव घातलं. तिने काय सांगितलं ते कळलं पाहिजे, एवढंच कारण.

मला ती गोष्ट त्यांनी बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या त्या उघड्या मंडईत, सांगितली. टेबलावर सांडलेल्या कोपीत बोट बुडवून त्यांनी एक त्रिकोण काढला. हे तीन रस्ते. नेहमीचेच, बीटच्या गाड्या ने-आण करायचे. पहिल्या महायुद्धात लढाईची आघाडी याच भागातून गेली होती. गावंच्या गावं अशी भुईसपाट झाली, की परत आलेल्या लोकांना आपलं घर कुठे होतं तेही सापडेना. लोक पत्र्याच्या झोपड्यांत राहिले. शेतातले न फुटलेले तोफगोळे वेचले, शाळा बांधली, चर्च बांधलं. मग काही वर्षांतच त्यांनी ठरवलं, की एका रविवारी हे रस्ते बंद करायचे आणि मोटारी पळवायच्या.

"पण त्या लोकांना आधी बाकीची कामं नव्हती का?" मी विचारलं.

"होती ना जी. ढीगभर होती. पण आधी सगळं बांधून होऊ द्या, मग मजा करा, असं त्यांना कोण सांगणार?" हनुवटी वर. "काऊन नाही?"

कोण जिंकलं हे विचारलेलं त्यांना आवडत नसे. जिंकणारे पॅरिसहून यायचे आणि संध्याकाळी परत जायचे. यांना हवे होते ते दोरी धरणारे. वळणावर गवताचे भारे रचणारे, घोड्यांची लीद झाडून काढणारे, कुत्री बांधा आणि कोंबड्या डांबा अशी दवंडी देत हिंडणारे. अशी माणसं पुस्तकांत फार थोडी सापडायची. एखादा सापडला की तुआसवाले माझ्या दारात.

"ताई, वळणावरचा चांभार सापडला!"

त्यांची मुलगी इथेच जन्मलेली, इथल्याच शाळेतली. ती आतून इथल्या धाटणीच्या इंग्रजीत ओरडायची, "बाबा, नोबडी आस्क यू वन, लाह!"

आता आमच्या मंडळाविषयी. पूर्वेकडच्या मराठी कुटुंबांचं लहानसं मंडळ आहे. महिन्यातून एकदा अध्यक्षांच्या कॉन्डोतल्या, म्हणजे त्यांच्या खासगी सोसायटीतल्या, हॉलमध्ये व्याख्यान, मग सामोसे. वक्ते घरचेच. कोणी गुंतवणुकीवर बोलतं, कोणी गुडघेदुखीवर. अध्यक्ष स्वतः जपानच्या सहलीवर बोलले होते, फोटोंसकट, आणि ते फोटो काही केल्या संपेनात. अध्यक्ष बँकेत मोठ्या हुद्द्यावर, पुण्याचे, माणूस सज्जन. कोणाच्या घरी आजारपण आलं तर डबा घेऊन सगळ्यात आधी तेच पोचतात.

तुआसवाल्यांना दरवर्षी एप्रिलमध्ये बोलावलं जायचं. जयंतीच्या महिन्यात. ते बौद्ध, म्हणून. ते यायचे आणि फार छान बोलायचे. सगळे मान डोलवायचे, टाळ्या व्हायच्या आणि पुढचा एप्रिल येईपर्यंत त्यांच्याकडे कोणी व्याख्यान मागायचं नाही. यात काही खटकण्यासारखं आहे असं मंडळात कोणालाच वाटलं नव्हतं.

आणि एका बैठकीत ते म्हणाले, "सप्टेंबरमध्ये मी बोलतो. पिकार्डीच्या शर्यतीवर."

अध्यक्ष हसून म्हणाले, "अहो, पण तुमचा विषय तर एप्रिलमध्ये असतो ना?"

शपथेवर सांगते, त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं. तुआसवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"जपान तुमचा विषय कसा झाला, सर?"

"नाही, म्हणजे, आम्ही जाऊन आलो होतो…"

"मीपण जाऊन आलोय. काऊन नाही?"

होकार मिळाला. पण आमच्या मंडळींना कोणतीही गोष्ट आहे तशी ठेवणं जमत नाही. सप्टेंबरचं पोस्टर ग्रुपवर आलं, तेव्हा त्यावर तुआसवाल्यांचा फोटो होता आणि खाली ठळक अक्षरांत विषय होता, 'संघर्षाची वाट : पिकार्डी ते नागपूर'. कार्यकारिणीने विषय सुधारून घेतला होता. लोकांना जवळचा वाटावा म्हणून!

त्यांचा मला फोन आला. "ताई, शर्यतीत नागपूर कुठून आलं? तिकडून एकही गाडी आली नव्हती."

मी हसले. ते हसले नाहीत. ग्रुपवर त्यांनी एकच ओळ टाकली, 'विषय शर्यत आहे. तसं लिहा, नाहीतर मी येणार नाही. सप्टेंबरमध्येही नाही आणि एप्रिलमध्येही नाही.'

मग जे व्हायचं तेच झालं. एकजण म्हणाला, एवढा काय इगो. दुसऱ्याने हात जोडलेले इमोजी टाकले. पोस्टरची फाइल माझ्याकडे होती. मी नागपूर काढलं, संघर्ष काढला, 'पिकार्डीची मोटार शर्यत' एवढंच ठेवलं आणि कोणाला न विचारता पाठवून दिलं. त्याच संध्याकाळी निरोप आला, की कॉन्डोचा हॉल काही कारणाने उपलब्ध नाही. कारण काय ते मी विचारलं नाही. माझा पारा आधीच चढला होता.

तुआसवाले मात्र एकदम खुशीत. "हॉल काऊन पाहिजे? शर्यत रस्त्यावर झाली होती."

तर रविवारी सकाळी बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये आम्ही टेबलं जोडली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं आली. पलीकडे कढयांचा खणखणाट, ट्रे गोळा करणारी आँटी मधूनच घुसून आमचे कप उचलतेय, आणि हे उभे राहून, घामाघूम होत, पिकार्डी सांगतायत. निळ्या गाड्या फ्रान्सच्या, लाल इटलीच्या, हिरव्या इंग्रजांच्या. वळणाआधी चालकाला दिसायचं ते चर्चचं नवंकोरं टोक. शेजारच्या टेबलावरचे चिनी अंकल नूडल्स सोडून वळून बसले.

"रेसिंग अह? हू विन?"

"अंकल, विनर नॉट इम्पॉर्टंट!" यांनी त्यांनाही झटकलं आणि पुढचं थोडं इंग्रजीतून सांगितलं.

मधेच अध्यक्ष येऊन शेवटच्या स्टुलावर बसले होते. येतील असं मला वाटलं नव्हतं. सगळं संपल्यावर त्यांनी हात वर केला. "फार रंगवून सांगितलंत. पण यातून आपण काय घ्यायचं?"

"काही घेऊ नका," तुआसवाले म्हणाले. "जपानमधून आम्ही काय घेतलं? फोटो पाहिले, सामोसा खाल्ला, घरी गेलो. मलाही तेवढंच द्या ना."

लोक हसले. मग त्यांचा आवाज खाली आला.

"माझे वडील गिरणीत होते, सर. खूप वाचायचे. पण जे वाचलं ते कामाचं. कायदा, अर्ज, हक्क. तेव्हा ती गरजच होती. बिनकामाचं काही वाचायची मोकळीक त्यांना कधी मिळाली नाही. ती त्यांनी लढून माझ्यासाठी मिळवली. आणि मी ती वापरू नये? काऊन?"

अध्यक्षांनी वर केलेला हात खाली घेतला.

"आता एप्रिलमध्ये तुम्ही बोला," ते अध्यक्षांना म्हणाले.

"मी? जयंतीला? अहो, माझा काय अधिकार त्यात?"

"माझा पिकार्डीत काय होता? फ्रेंच शिकलो, वाचलं. तुम्हाला तर मराठीच वाचायचंय."

त्यानंतर जानेवारीत, तुआसला कामावर असतानाच, ते गेले. छातीत दुखलं आणि संपलं. मी रडले, पण त्याआधी मला भयंकर राग आला. हा माणूस आत्ता कुठे सप्टेंबरात पोचला होता. अजून किती महिने बाकी होते! पुढच्या वेळी त्या वळणावरच्या चांभारावर बोलणार होते.

एप्रिलची बैठक झाली. कोणीतरी हळूच म्हणालं, त्यांच्यातलं दुसरं कोणी आहे का ओळखीचं? विद्यापीठात संशोधन करणाऱ्या एका मुलीचं नावही निघालं.

"वक्ता ठरलेला आहे," मी म्हणाले आणि अध्यक्षांकडे पाहत राहिले. नजर काढली नाही.

अध्यक्ष वाचायला बसले. एमआरटीत मी त्यांना मांडीवर जाडजूड खंड घेऊन, पेन्सिलीने खुणा करताना पाहिलं. एप्रिलमध्ये आपल्या त्याच हॉलमध्ये ते उभे राहिले. बँकेत शेकडो लोकांपुढे बोलणारा हा माणूस दोनदा अडखळला. मग म्हणाले, "हे सगळं मराठीत होतं. माझ्या वडिलांच्या कपाटातही होतं. मी ते कधी उघडलं नाही, कारण ते दुसऱ्या कोणाचं आहे असं आमच्या घरात सगळेच धरून चालले होते." टाळ्या नेहमीपेक्षा कमी पडल्या. ज्यांनी वाजवल्या त्यांनी मनापासून वाजवल्या.

तुआसवाल्यांची मुलगी आईबरोबर आली होती. प्रश्नांच्या वेळी ती उठली.

"अंकल, गुड टॉक. पण तुम्ही बोललात बिकॉज बाबांनी सांगितलं, राइट?"

"हो," अध्यक्ष म्हणाले. "खरं आहे."

"नेक्स्ट इयर नोबडी विल आस्क. बाबा पण नाही." तिचा आवाज फाटला, पण ती खाली बसली नाही. "तरी बोलणार? कॅन ऑर नॉट?"

सगळे अध्यक्षांकडे पाहू लागले. त्यांनी कागद टेबलावर ठेवले.

"कॅन," ते म्हणाले.