सोजरबाईची गाडी आणि जरीमरीचा गाडा

वारज्याची सोजरबाई पुण्यात आली की ती दिसायच्या आधी ऐकू यायची. मुठेच्या काठानं बैलगाडी कुरकुरायची आणि त्या कुरकुरीच्या वर तिचा आवाज चढायचा. "सुभेदाराऽऽ, पाय उचल! मामलेदारा, तू का रं मागं?"

सुभेदार आणि मामलेदार ही तिच्या बैलांची नावं. नवरा लष्करामागं धान्याच्या गाड्या हाकायला म्हणून उत्तरेत गेला आणि परत आली ती नुसती गाडी, कुणा ओळखीच्यानं आणून दिलेली. तेव्हापासून ती सोजरबाईच हाकायची. बाईमाणसानं गाडी हाकू नये, असं वारज्यात पुष्कळांनी सांगून पाहिलं. "मग तुम्ही हाका," ती म्हणायची, "मी घरात बसून खाते." त्यावर पुष्कळांना आपापल्या घरची कामं आठवायची.

त्या वर्षी चैत्र संपता संपता ती वांगी भरून निघाली. वांगी हे निमित्त. तिची एकुलती एक लेक शालू पुण्यापलीकडच्या लोहारवाडीला दिलेली होती. पहिलटकरीण, सातवा महिना सरत आलेला. आठवा लागला की पोरीला गाडीत घालून आणता येत नाही. विहीण "कामं उरकू द्या, कामं उरकू द्या" करत दिवस ढकलत होती, आणि शेवटी तिनं निरोप धाडला होता की महिना सरायच्या आत आलात तर न्या, नाहीतर बाळंतपण इथंच. इथंच म्हणजे काय ते सोजरबाईला ठाऊक होतं. त्या घरात आधीच्या दोन सुना बाळंतपणातच गेल्या होत्या.

शनिवार पेठेच्या तोंडाशी सर्जेराव नावाच्या शिपायानं गाडी अडवली.

"गाडी कुणाची?"

"माझी."

"होती. उतरा."

झालं होतं असं. दर उन्हाळ्यात पुण्याला जरीमरीचा धाक असायचा. ओकारी-जुलाबानं सकाळचा धडधाकट माणूस संध्याकाळी नसायचा. रोग आला की चावडी जागी व्हायची आणि ती नीट जागी होईस्तोवर रोग निघून जायचा. यंदा मात्र चावडीनं ठरवलं की आधीच बंदोबस्त करायचा. खेड्यापाड्यांतून एक रीत होती. जरीमरी आली की देवीची लाकडी मूर्ती, खण, नारळ, लिंबं एका गाड्यात घालायची आणि गाडा शिवेपार ढकलायचा. पुढच्या गावानं तो त्याच्या शिवेपार ढकलायचा. चावडीनं ही रीत सरकारी करून टाकली. रोग यायच्या आधीच गाडा काढावा आणि एका पेठेनं तो दुसरीला द्यावा, असा हुकूम सुटला. फक्त शेवटच्या पेठेनं कुणाला द्यायचा, हे हुकुमात घालायचं राहून गेलं.

गाड्यासाठी गाडी लागते. जी पहिली दिसली ती धरली, आणि ती निघाली सोजरबाईची.

सोजरबाई तरातरा चावडीवर गेली. तिथं दिगंबरपंत कारकून बैठकीवर बसून तपकीर ओढत होते. बंदोबस्ताची सगळी कल्पना त्यांचीच, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ती दिसतही होती.

"पंत, माझी गाडी द्या."

"बाई, गाडी तुमची होती यात वाद नाही. पण आता ती गाडी राहिलेली नाही. गाडा आहे. आणि गाडा सरकारचा."

"मग सरकारला सांगा द्यायला."

"सरकारनं तो देवीला अर्पण केला. देवीचं मागणाऱ्या तुम्ही कोण, आणि देणारे आम्ही कोण?" पंतांनी एक शिंक दिली. "तुम्ही असं करा, रोग येऊन जाऊ द्या. मग या."

"अन् आलाच न्हाई तर?"

"तर बंदोबस्त फळाला आला म्हणायचं. मग तर गाडा सोडणं फारच धोक्याचं."

सोजरबाईनं कपाळावर हात मारला. "अवो, लेकीचा सातवा सरतूया! तिला आणायची कशात?"

"लेकीविषयी हुकूम नाही."

"अन् माझी वांगी?"

"नैवेद्यात घेतली."

"अन् हे बैल?"

"बैलांविषयीही हुकूम नाही. बैल तुमचे तुम्ही न्या."

"गाडीबिगर बैल घिऊन काय करू? खांद्यावर घिऊ?"

"तो चावडीचा विषय नाही," पंत म्हणाले आणि उपरण्यानं नाक पुसलं.

मग पुण्यानं एक तमाशा पाहिला. पुढं सोजरबाई, मागं दोन रिकामे बैल, आणि तिघं मिळून गाडी शोधताहेत. सोजरबाई "चल रं सुभेदारा" म्हणाली की गल्लीतले दोनचार शिपाई दचकून मागं बघायचे. एका पेठेत एका ओट्यावर बसलेले गृहस्थ म्हणाले, "गाडा? आमच्या पेठेत? छे. आमच्या पेठेत असलं काही टिकत नाही. पलीकडे बघा, तिकडे सगळंच टिकतं." पलीकडे गेली तर तिथल्या माणसानं दार निम्मंच उघडलं. "काल होता. भरीत उत्तम झालं होतं. पुढं दिला." त्याच्या पुढच्या पेठेत म्हणाले, आला होता पण आम्ही घेतलाच नाही, शेजारच्यांनी पहाटे गुपचूप आणून ठेवला, आम्ही दुपारी उघडपणे परत ठेवला. सोजरबाईला कळून चुकलं की गाडा गावाबाहेर जातच नाही. अख्खं पुणं तो एकमेकांच्या दारात नेऊन ठेवतंय, आणि चैत्राचे दिवस मात्र एकेक करून गावाबाहेर चाललेत.

अखेर तो सापडला तो पूर्वेच्या ओढ्यात. ऐन मधोमध उभा, चाकं चिखलात. अलीकडच्या काठावर एका पेठेचे लोक, पलीकडच्या काठावर दुसरीचे.

"निम्म्याहून जास्त तुमच्याकडे आहे!"

"डोळे तपासून घ्या! देवीचं तोंड तुमच्याकडे आहे!"

"तोंड कुठंही असो, पाठ कुणाकडे आहे ते बघा!"

अलीकडच्या काठावर सर्जेराव बंदोबस्ताला उभा होता, पाणी पायाला लागणार नाही इतक्या अंतरावर. सोजरबाई बैल घेऊन सरळ ओढ्यात उतरली.

"ए बाई! हात लावू नको! देवीचा गाडा हाय!"

"मग तू लाव."

सर्जेरावानं हात पाठीमागं घेतले. दोन्ही काठांवरचे लोक पावलभर मागं सरले.

सोजरबाई गाडीपाशी गेली. हिरव्या खणातली ती हातभर लाकडी मूर्ती वाळक्या लिंबांच्या ढिगात कलंडली होती. तिनं ती आधी सरळ केली. "आये," ती म्हणाली, "ही गाडी माझी हाय. पोरीला आणायची हाय. ते म्हनत्यात गाडी आता तुझी, म्हनून तुला इचारते. नेऊ का? नगं म्हनायचं असंल तर आत्ता म्हन, मागनं चावडीवानी करू नगंस."

मूर्ती काही बोलली नाही.

"हां," सोजरबाई म्हणाली, "हिनं बरा लवकर निकाल दिला." आणि तिनं बैल जुंपले.

लोहारवाडीपर्यंत तिला कुणी अडवलं नाही. जकातीच्या नाक्यावरचा माणूस तर गाडा बघून नाका सोडूनच पळाला. लोहारवाडीच्या शिवेवर मात्र गाव काठ्या घेऊन उभं होतं, आणि सगळ्यांच्या पुढं, पण एका जाडजूड माणसाच्या आडोशानं, विहीणबाई.

"इहीणबाई, काय ह्ये! गाडा माघारी फिरवा!"

"शालूला धाडा, फिरवते."

"आवो, धाडायचीच हाय की! वाईच कामं उरकू द्या..."

"सुभेदारा, चल रं आत."

"थांबा! थांबा! आरं पोरीला आणा कुणीतरी!"

आजवर कुणा सुनेची पाठवणी इतक्या झटपट झाली नसेल. शालू आली, गाठोडं आलं, वर एक नारळ आला आणि विहिणीच्या हातून एरवी कधी न सुटलेलं लुगडंही आलं. शालू गाडीत चढली आणि मूर्तीपासून होईल तितकी लांब, कडेला चिकटून बसली.

"आये, ही कोन?"

"हीबी अशीच हाय. हिलाबी कुनी ठेवून घेत न्हाई. सरक जरा, तिला नीट बसू दे."

परतताना पुण्यातली दारं त्यांच्या पुढंपुढं मिटत गेली. चावडीसमोर दिगंबरपंत लगबगीनं ओट्यावर आले.

"बाई! गाडा उलट्या दिशेनं चालला आहे!"

"व्हय. हुकमात कुठं लिवलंय कुन्या दिशेनं?"

पंतांनी डोळे मिटून हुकूम आठवला. "तसं... लिहिलेलं नाही." मग एक डोळा उघडला. "नदीपलीकडे जाणार का?"

"लई पलीकडं."

"मग इथं बोलत काय उभ्या राहिलात?"

वारज्याच्या शिवेवर पोचली तेव्हा सोजरबाईचा घसा बसला होता, शालूच्या पायांना सूज आली होती आणि समोर पुन्हा काठ्या होत्या. ह्या काठ्या ओळखीच्या. पुढं दत्तोबा पाटील, तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ.

"वैनी, तू ये. पोरीला येऊ दे. गाडा न्हाई. कुणाचा गाडा ह्यो?"

इतके दिवस चावडीला न भ्यालेल्या सोजरबाईच्या डोळ्यांत आता पाणी आलं, रागाचं. "माझा! आरं, माझी गाडी हाय! तुझ्या भावाची हाय, दत्तोबा! रोग आलेला न्हाई, कुठंबी न्हाई! नुसता बंदोबस्त आलाय! पुन्यानं हिला ढकललं, लोहारवाडीनं ढकललं, आता तूबी ढकल. अन् पोरीला आठवा लागू दे हितंच, शिवेवर!"

दत्तोबानं पाठीमागच्या माणसांकडं बघितलं. माणसांनी दत्तोबाकडं बघितलं. वारज्याची ती छोटी चावडीच झाली.

"काका," शालू गाडीतून म्हणाली, "कळा यायच्या आत ठरवा, म्हंजे झालं."

बायका हसल्या. त्यांतली एक म्हातारी भाकरतुकडा घेऊन पुढं आली. माहेरी आलेल्या लेकीवरून तो ओवाळून टाकायचा असतो. तिनं शालूवरून ओवाळला आणि मूर्तीसमोर तिचा हात अडला.

"तिच्यावरनंबी ओवाळ," सोजरबाई म्हणाली. "कवाधरनं फिरतीया, पण तिला तांब्याभर पानी कुनी इचारलं न्हाई."

म्हातारीनं ओवाळलं. मूर्ती शिवेवरच्या उंबराखाली ठेवली, तिच्यापुढं पाणी ठेवलं, आणि मोकळी झालेली गाडी शालूला घेऊन कुरकुरत घरी गेली.

त्या उन्हाळ्यात पुण्यात जरीमरी आली नाही. का आली नाही ते कुणालाच ठाऊक नव्हतं, एक चावडी सोडून. ज्येष्ठात शालूला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

पुढच्या चैत्रात सर्जेराव घाम पुशीत वारज्यात हजर. "पंतांनी सांगितलंय, मागल्या सालचाच गाडा पाहिजे. त्याचा गुण आला."

सोजरबाई वांगी भरत होती. नात वांग्यांच्या पाट्यांमध्ये बसून एका वांग्याचं देठ चघळत होती. सोजरबाईनं मान वर न करता उंबराकडं बोट दाखवलं. "गाडा देवीचा, असं तुमचे पंतच म्हनलं. तिला इचार. मी इचारूनच आनला हुता."

सर्जेराव उंबरापुढं गेला. वहाणा काढल्या, हात जोडले, विचारलं. देवी काही बोलली नाही. त्यानं पुन्हा विचारलं, जरा अदबीनं. ऊन डोक्यावर आलं. हो समजावं की नाही, याविषयी त्याला हुकूम नव्हता.

पाठीमागून रस्त्यानं गाडी कुरकुरत निघाली.

"सुभेदाराऽऽ, पाय उचल!"

सर्जेराव दचकला, पण हात जोडलेलेच राहिले.